काजूचा भाव, कॉफीचा धडा

एप्रिल महिन्यात राजापूरच्या बाजारपेठेत गेलात, तर किराणा दुकानांच्या ओट्यांवर तराजू मांडलेले दिसतील. वाडीवरून आलेली बाई डोक्यावरचे अर्धे पोते उतरवते, तराजूवर ठेवते आणि विचारते, "आज काय भाव?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे कधीतरी त्यातली विसंगती खटकू लागली. त्याच दुकानात साबण घेऊन येणारा विक्रेता स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगतो, बिस्किटवालाही सांगतो. काजूची बी आणणारी बाई मात्र आपल्याच मालाचा भाव दुसऱ्याला विचारते.

या एका प्रश्नाचा माग काढत मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो. अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण नाही, त्यामुळे वाट वाकडी झाली. राजापूरच्या काजूपासून निघालो आणि पोचलो मेक्सिकोच्या कॉफीपाशी. पण छोट्या शेतकऱ्याकडून न्याय्य भावाने खरेदी करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा जगातला सर्वांत मोठा आणि लांबलेला प्रयोग कॉफीतच झाला आहे. आपल्या काजूकडे पाहायला तो उपयोगी पडतो.

एका कादंबरीचे नाव

जावा बेटावर डच सरकारने 1830 पासून सक्तीची लागवड सुरू केली. शेतकऱ्याने जमिनीचा आणि श्रमाचा काही भाग कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायचा आणि माल सरकार ठरवील त्या मोबदल्यात सोपवायचा. तिथे अधिकारी राहिलेल्या एदुआर्द डौवेस डेकर याने 'मुल्तातुली' या टोपणनावाने 1860 मध्ये 'माक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. वसाहतीतल्या शेतकऱ्याची लूट तिने हॉलंडच्या दिवाणखान्यात आणून ठेवली.

पुढे सव्वाशे वर्षांनी हेच नाव कॉफीच्या पाकिटावर आले. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात डोंगराळ भागातल्या आदिवासी कॉफी उत्पादकांनी 'उसिरी' ही सहकारी संघटना उभी केली होती. त्यांच्यात राहणारा डच धर्मगुरू फ्रान्स फान डेर हॉफ आणि हॉलंडमधल्या 'सॉलिडारिडाड' या संस्थेचा निको रोझेन यांनी मिळून 1988 मध्ये 'माक्स हावेलार' हा शिक्का सुरू केला. देणगीपेक्षा मालाला नीट भाव हवा, हे त्यामागचे साधे सूत्र होते. मुहूर्तही असा की, पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, देशोदेशींच्या निर्यातीचा वाटा ठरवून भाव सांभाळणारा आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला आणि भाव कोसळले. वेगवेगळ्या देशांतल्या अशा शिक्क्यांची 1997 मध्ये एक जागतिक संघटना झाली. 'फेअरट्रेड' म्हणून ओळखला जातो तो शिक्का हाच.

या व्यवस्थेचे चार खांब आहेत. पहिला, किमान भाव: बाजार कितीही पडला तरी त्याखाली जायचे नाही. दुसरा, भावाशिवाय दर पौंडामागे द्यायची वेगळी रक्कम. शाळा, गोदाम की रस्ता, ती कशावर खर्च करायची हे संघटनेची सभा ठरवते. तिसरा, उत्पादकांनी मागितल्यास कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम माल हाती येण्याआधी देणे. चौथा, खरेदीदाराने एका हंगामापुरते न येता नाते टिकवणे.

चर्चा होते ती बहुधा पहिल्या खांबाची. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेली, तेव्हा या शिक्क्याखाली विकलेल्या कॉफीला त्याच्या दुपटीहून अधिक मिळत होते. पण किमान भाव पडत्या बाजारातच कामाला येतो. 2025 च्या सुरुवातीला भाव चार डॉलरच्या वर गेला आणि 1 डॉलर 80 सेंटच्या किमान भावाला अर्थ उरला नाही. शिवाय शिक्का मिळवण्याचा खर्च उत्पादकांच्या संघटनेला भरावा लागतो आणि तिचा सगळा माल शिक्क्याखाली विकला जातोच असे नाही. उरलेला साध्या बाजारात जातो.

सर्वांत बोलकी अडचण आणखी वेगळी आहे. संघटनेचा सभासदच कित्येकदा आपली कॉफी संघटनेला न देता दारात आलेल्या दलालाला देतो. दलालाचा भाव कमी असला तरी पैसे त्याच दिवशी हातात पडतात, संघटनेचे माल निर्यात झाल्यावर येतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. हा माणूस मला ओळखीचा वाटला.

बीपासून गरापर्यंत

आता आपल्या काजूकडे येऊ. झाड मूळचे ब्राझीलचे, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेले. कोकणात ते फार काळ गडग्याच्या कडेने आपोआप वाढणारे झाड होते. राज्य सरकारने 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि नाचणी-वरीच्या वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' या जाती घरोघर पोचल्या. गडग्याचे झाड नगदी पीक झाले.

पण त्याचा भाव राजापुरात ठरत नाही. देशातल्या काजू कारखान्यांना लागते तेवढी बी देशात पिकत नाही. ती आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून येते, आणि तिथल्या बीला व्हिएतनामही मोठे गिऱ्हाईक आहे. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम साधारण आपल्याच वेळेला. तिथली बी बंदरात स्वस्त उतरली की आमच्या ओट्यावरचा भाव खाली येतो. आयातीवरचा कर वाढवा, अशी मागणी त्यामुळे दरवर्षी होते. पण कर वाढला तर आयात बीवर चालणाऱ्या कारखान्यांत काजू फोडणाऱ्या बायकांच्या रोजगाराचे काय, हाही प्रश्न आहे. सोपे उत्तर इथे नाही.

हिशेब ढोबळ असा. चार किलो बी फोडली की साधारण एक किलो गर मिळतो. समजा बीचा भाव किलोला 120 रुपये आहे. तर एक किलो गरामागे शेतकऱ्याला 480 रुपये मिळाले. तोच गर शहरात 900 किंवा 1000 रुपयांना दिसला की आपण म्हणतो, मधल्यांनी लुटले. पण मध्ये बी वाळवणे, बॉयलरमध्ये वाफवणे, एकेक बी यंत्रावर फोडणे, गर भट्टीत सुकवणे, साल काढणे आणि निवडणे ही कामे आहेत. फोडणी आणि सोलणी बहुतेक बायका करतात, किलोवर मजुरी घेऊन. टरफलातल्या चिकाने बोटांची कातडी जाते, म्हणून हातांना तेल किंवा राख लावतात. कारखानदाराला वर्षभराची बी तीन महिन्यांत विकत घ्यावी लागते, त्यासाठी कर्ज काढावे लागते आणि व्याज वर्षभर चालू राहते. 480 आणि 1000 यांतला फरक म्हणजे नुसती चोरी नव्हे. त्यात कुणाचे श्रम किती आणि कुणाची जोखीम किती, हे वेगवेगळे करून पाहायला हवे.

पैसा कधी येतो

नीट वाळवलेली बी वर्षभर टिकते. मग शेतकरी ती एप्रिल-मेमध्येच का विकतो? पावसात भाव वाढल्यावर का नाही?

याचे उत्तर दुकानाच्या वहीत असते. आदल्या पावसाळ्यातली तांदूळ-तेल-साखरेची उधारी हंगामात बी घालून फेडायची असते. लग्नसराई, मुलांची फी, भाताच्या पेरणीचा खर्च, सगळे जूनच्या आत येते. दुकानदार अडीअडचणीला उधार देतो, तो शत्रू नाही. पण बी त्याच्याच तराजूवर जाणार हे जुलैमध्येच ठरलेले असते, त्यामुळे एप्रिलमध्ये घासाघीस करायला जागा उरत नाही.

आंब्याचेही तेच. मोहोर येण्याआधी खताला, फवारणीला आणि राखणीला पैसे लागतात. ते वाशीच्या दलालाकडून उचल म्हणून घेतले की पेट्या त्याच्याच गाळ्यावर जातात आणि पट्टी येईल ती मान्य करावी लागते. 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकरी कुठेही विकायला कायद्याने मोकळा झाला, पण उचल घेतलेला शेतकरी जिथल्या तिथेच राहिला. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले, उचलीचा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेतला नाही.

ही रीत नवी नाही. सतराव्या शतकात राजापूर हे मोठे बंदर होते. घाटावरचा माल अणुस्कुऱ्याच्या वाटेने उतरायचा, जैतापूरच्या खाडीतून गलबतांवर चढायचा. इंग्रजांची वखार इथे होती, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला मदत केली म्हणून शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये ती लुटली, हे आपण शाळेत शिकलो. पण वखारीच्या आत काय चाले? हिंदुस्थानात ठिकठिकाणी कंपनीचा व्यापार 'दादनी'वर चाले. माल तयार होण्याआधी व्यापाऱ्यामार्फत कारागिराला आगाऊ रक्कम द्यायची आणि त्या रकमेने त्याचा माल बांधून घ्यायचा. दादनी, उचल आणि दुकानाची उधारी यांत काळाचे अंतर आहे, कामाची रीत एकच. गरजेच्या महिन्यात जो पैसा देतो, तोच हंगामात भाव ठरवतो.

म्हणून माझ्या मते कॉफीच्या चार खांबांत तिसरा महत्त्वाचा. शेतकऱ्याने माल कुणाला द्यायचा हे मोकळेपणाने ठरवावे असे वाटत असेल, तर त्याच्या गरजेच्या महिन्यातला पैसा बांधून न घालणाऱ्या हातांतून आला पाहिजे. सरकारी मदतही इथेच अडते. 2024 च्या हंगामासाठी राज्याने काजू बीला किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केले. ते मिळवायला सातबाऱ्यावर काजूची नोंद आणि विक्रीची पावती हवी होती. कोकणातला सातबारा सामाईक, त्यावरची निम्मी नावे मुंबईत. आणि ओट्यावर विकलेल्या बीला मिळते ती कागदाच्या तुकड्यावरची चिठ्ठी.

आमचा फसलेला हिशेब

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या सात घरांनी बी एकत्र करून थेट विकायचे ठरवले. पुढाकार माझा. नऊशे किलो बी जमली, ती मजुरी देऊन फोडून घेतली, सव्वादोनशे किलोच्या आसपास गर आला. मुंबई-पुण्याच्या ओळखीतल्या चाळीस कुटुंबांना पत्रे पाठवली. मी कागदावर काढलेला भाव ओट्यापेक्षा किलोमागे बराच वर होता आणि अखेरीस तो मिळालाही.

पण गिऱ्हाइकांना हवा होता मोठा, पांढरा, अखंड गर. काजूची प्रत पौंडात किती गर बसतात यावर ठरते. 'डब्ल्यू 180' म्हणजे पौंडाला 180 पर्यंत, सर्वांत टपोरा. तो हातोहात गेला. बारका गर, पाकळी आणि तुकडा यांचे डबे दिवाळीपर्यंत आमच्या माळ्यावर होते. झाडाला सगळेच काजू टपोरे येत नाहीत आणि कितीही सराईत हात असला तरी काही गर फुटतोच. अखंड गर घेऊन तुकडा नाकारणारे गिऱ्हाईक पिकाचा अर्धाच भाग विकत घेते, उरलेल्याची जोखीम शेतकऱ्याच्या माळ्यावर ठेवते.

त्यामुळे पैसे दोन हप्त्यांत वाटावे लागले, अर्धे जुलैमध्ये, अर्धे नोव्हेंबरात. शेजारच्या काकी पुढच्या वर्षी आमच्यातून बाहेर पडल्या. म्हणाल्या, "तुझा भाव चांगला रे, पण मला पैसे शाळा सुरू व्हायच्या आधी लागतात." आणि बी घेऊन ओट्यावर गेल्या. तेव्हा मला वाटले, त्या चुकल्या. खरे तर चुकलो होतो मी. मी भाव मोजला होता, महिने मोजले नव्हते.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. फेब्रुवारीत भाव ठरवून कळवायचा, निम्मी रक्कम मार्चमध्ये मागायची आणि प्रत्येक पाच किलोंत दोन किलो तुकडा-पाकळी घ्यायची. चाळीसपैकी अकरा कुटुंबांनी होकार दिला, बाकीच्यांनी शुभेच्छा दिल्या. अकरांच्या पैशांत सात घरांचा एप्रिल पूर्ण निघत नाही, पण उधारीची वही थोडी हलकी होते.

वाचकांपैकी अनेकजण हल्ली 'थेट शेतकऱ्याकडून' आलेला माल घेतात. चांगलेच आहे. फक्त पाकिटावरच्या शेतकऱ्याच्या फोटोवर समाधान मानू नये. विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. शेतकऱ्याला भाव हंगामाआधी सांगितला होता का? पैसे कोणत्या महिन्यात पोचले? आणि फुटलेला, बारका माल कुणाच्या गळ्यात पडला? याच्या जोडीला, फोडणाऱ्या बायकांना किलोमागे काय मिळाले हेही विचारता आले तर उत्तमच. दिवाळीच्या काजूकतलीला तुकडाच वाटायचा असतो, त्यासाठी अखंड 'डब्ल्यू 180' लागत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये काकी परत आमच्याकडे बी घेऊन आल्या. पोते तराजूवर ठेवले आणि सवयीने विचारले, "आज काय भाव?" फेब्रुवारीत ठरलेला आकडा त्यांना ठाऊक होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच तो सांगितला, आणि वजन नीट बघ म्हणून मला दम दिला.