हॅम्बुर्ग : वखारींवरचं नवं शहर

हॅम्बुर्गमध्ये एल्बे नदीच्या काठी विटांच्या जुन्या गोदामावर एल्बफिलहार्मोनी ही संगीतसभागृहाची काचेची इमारत उभी राहिली, तेव्हा जुन्याच्या मानगुटीवर नवं बसवलं, अशी तक्रार झाली. मला ती पटत नाही. तिथून जवळच असलेली, आज जागतिक वारसा म्हणून जपली जाणारी श्पायशरश्टाट ही वखारींची वसाहत स्वतःच मोठ्या पाडापाडीतून जन्मली. १८८८ साली हॅम्बुर्ग जर्मन जकात संघात आलं आणि त्या बदल्यात त्याला मुक्त बंदर मिळालं. त्याच्या गोदामांसाठी राहती वस्ती जमीनदोस्त करून सुमारे २०,००० माणसं उठवली गेली. तेव्हा जुनं म्हणजे सोज्वळ आणि नवं म्हणजे आक्रमक, ही विभागणी इथे टिकत नाही. इमारत कशी दिसते यापेक्षा ती पाण्याशी, मालाशी आणि माणसांशी कशी वागते, हे पाहायला हवं.

त्या कसोटीवर वखारी पाहाव्यात. दलदलीत लाकडी खांब ठोकून त्या उभारल्या. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रस्ता. कालव्याकडच्या भिंतीत प्रत्येक मजल्याला एक दार, सगळी एका ओळीत वरखाली, आणि वर छपराशी पुढे काढलेली कप्पी. पडावातलं कॉफीचं पोतं दोरानं थेट हव्या त्या मजल्यावर जाई. जाड भिंतींमुळे आतलं हवामान फारसं बदलत नसे. गॉथिक धाटणीची टोकं आणि कमानी हा वरचा साज. इमारतीचं शहाणपण त्या कप्पीत आहे. जवळचं चिलेहाउस वास्तुकार फ्रिट्झ ह्योगरनं १९२४ मध्ये पुरं केलं. सुमारे ४८ लाख विटांची, जहाजाच्या नाळेसारखं टोक काढलेली ही कचेऱ्यांची इमारत चिलीच्या सोऱ्यावर गब्बर झालेल्या व्यापाऱ्यानं बांधून घेतली. व्यापार बदलला, तशी वास्तूही बदलली.

एल्बफिलहार्मोनीखालचं गोदाम १९६६ सालचं, वास्तुकार वेर्नर काल्मोर्गनचं. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या वखारींची पुनर्बांधणीही त्याचीच. गोदाम आतून पोखरून फक्त कवच ठेवलं, हा आक्षेप खरा आहे. पण कोको, तंबाखू साठवण्याचं कामच उरलं नव्हतं. खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर: शहराचा वाटा ७.७ कोटी युरोंवरून ७८.९ कोटींवर गेला. याचं समर्थन होऊ शकत नाही. तरी तो दोष नियोजनाचा आणि करारांचा. गोदामावर सभागृह ही कल्पना त्यानं चुकीची ठरत नाही. वीट आणि काच जिथे भेटतात तिथे, ३७ मीटरांवर, मैफलीचं तिकीट नसलेल्यांनाही बंदर न्याहाळता येतं. वखारींनी सामान्यांना असं स्थान कधी दिलं नव्हतं. पाण्याशी वागण्यातही नवं मागे नाही. १९६२ च्या पुरात शहरात ३१५ माणसं दगावली. म्हणूनच शेजारच्या हाफेनसिटी या नव्या वस्तीत जमीनच भराव घालून उंचावली आहे, तर वखारींमधले रस्ते मोठ्या उधाणात आजही पाण्याखाली जातात.