'पोटात दुखतंय' या पडद्यामागे

शाळकरी मुलांची दुखण्याची भाषा मोठी तोकडी असते. मानेखाली आणि गुडघ्यावर जे काही दुखते, खाजते किंवा ठणकते, त्या साऱ्याला त्यांच्याकडे एकच नाव असते: 'पोटात दुखतंय.' तिसरीतल्या मुलाला जंत झालेले असतात, पण शीच्या जागी खाज सुटते हे चारचौघांत सांगायचे कसे? सहावीतल्या मुलीने शाळेतल्या संडासाच्या घाणीला कंटाळून सकाळपासून लघवी दाबून धरलेली असते आणि आता जळजळ होत असते. सातवीतल्या मुलीला नेमका गणिताच्या तासाला पहिल्यांदाच 'कावळा शिवलेला' असतो. तिघे सांगतात ते एकच. त्याला खोटे म्हणू नये. मुलांनी स्वतःभोवती ओढून घेतलेला तो पडदा असतो. मुलाला उघडे न पाडता तो अलगद बाजूला करणे, हे शाळेतल्या परिचारिकेचे खरे कसब.

न्यूयॉर्कमध्ये ही परिचारिका शाळेत आली ती १९०२ साली. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत डॉक्टर मुले तपासत आणि खरूज, उवा, गजकर्ण, डोळ्यांचे विकार दिसले की त्यांना घरी धाडत. घरी औषधपाणी करणार कोण? मुले रस्त्यावर हिंडत आणि शाळा बुडे. लिलियन वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभर प्रयोगादाखल चार शाळांत पाठवले. किरकोळ दुखण्यावर ती शाळेतच उपचार करी आणि मोठे काही असेल तर घरी जाऊन आईला नीट समजावून सांगे. वर्षभरात घरी पाठवलेल्या मुलांची संख्या सुमारे एक दशांशावर आली.

आपल्याकडे शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा आरंभ १९०९ साली बडोद्यात झाला, सयाजीराव महाराजांच्या राज्यात. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघरला झाला. त्याच्या फिरत्या पथकात एक पुरुष आणि एक स्त्री डॉक्टर असावेत अशी योजना आहे. मुलांच्या लाजेचा विचार कुणीतरी केला, याची ही खूण. परंतु पथक शाळेत येणार वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांत काय? आपल्या बहुसंख्य शाळांत परिचारिका नसते; तिचे काम वर्गावरच्या बाई किंवा शिपाई मावशी करतात. म्हणूनच तिची रीत त्यांना आणि आपल्यालाही ठाऊक हवी.

ती रीत साधी आहे. चांगली परिचारिका दारातूनच 'काय झालं गं?' असे ओरडून विचारत नाही. मुलाला बसवते, पडदा ओढते आणि त्याच्या उंचीला येऊन हळू बोलते. 'कुठे दुखतं ते बोटाने दाखव' म्हणते. सांगता येत नसेल तर चित्रावर दाखवायला लावते. मूल जो घरगुती शब्द वापरेल, तोच तीही वापरते. हात लावण्याआधी विचारते आणि कशासाठी ते सांगते. कपडे सैल करायचे असतील तर मुलाच्या विश्वासातले एखादे मोठे माणूस जवळ ठेवते. डाग पडलेल्या मुलीला दुसरा परकर किंवा पंजाबी ड्रेस देते, आणि वर्गात 'हिला बरं नाही' यापलीकडे काही कळू देत नाही.

मुलींची अडचण निदान आपल्या ध्यानी येते. मुलग्यांचे काय? किशोरवयात कधी कधी वृषणाला अचानक पीळ पडतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात कळा येतात, उलटी होते. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. मुलगा मात्र सांगतो, 'पोटात दुखतंय.' त्याला ओवा दिला जातो, शाळा सुटेपर्यंत पडून राहा म्हटले जाते. 'खाली कुठे दुखतंय का रे?' हा एकच प्रश्न, एकांतात आणि सहज सुरात विचारला, तर एक अवयव वाचू शकतो. लाजेची किंमत इतकी मोठी असू शकते.

घरच्या चालीरीतींचेही भान हवे. तपासताना करदोटा किंवा ताईत आड आला, तर तो कापायचा नसतो, सरकवायचा असतो. घरी चार दिवस बाजूला बसवतात का, यावर परिचारिका मुलीपुढे व्याख्यान देत नाही. ते चार दिवस शाळा बुडू नये, एवढे मात्र आईशी बोलते. पण बिब्ब्याने कातडी भाजलेली दिसली, तर कुणाचा पाणउतारा न करता ती मुलाला डॉक्टरकडे पाठवतेच. रीतीचा मान मुलाच्या जिवापेक्षा मोठा नाही.

आणि गुपिताचे काय? बँकेत रुजू होताना आम्हांला गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही. मात्र कायद्याने मागितली, तर दडवायचीही नाही. इथेही तसेच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलीची वैद्यकीय तपासणीही स्त्री डॉक्टरनेच करायची असते. म्हणून जाणती परिचारिका 'मी कुणालाच सांगणार नाही' असे वचन देत नाही. ती म्हणते, 'तुला मदत करू शकेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगून मगच.' एकांत मुलाच्या हक्काचा; पण तो अपराध्याचा आडोसा होता कामा नये.

पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाली की आणखी चार गोष्टी विचाराव्यात. आजारी मुलाला झोपवतात त्या खोलीला पडदा आहे का? संडासाला आतून कडी आहे का? मुलींनी कुणाकडे जायचे आणि मुलग्यांनी कुणाकडे, हे त्यांना ठाऊक आहे का? घरी कळवायचे झाल्यास शाळा कुणाला आणि कसे कळवते? आणि घरी आल्यावर मुलांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावे, न हसता आणि न दटावता, शिकवावीत. ज्या अवयवाला घरात नाव नाही, त्याचे दुखणे मूल शाळेत तरी कोणत्या तोंडाने सांगणार?