मुलींच्या शाळेचा जमाखर्च : सुरत ते हिंगणे

१९०७च्या डिसेंबरात सुरतेत तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि उधळले. टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, मंडपात गोंधळ माजला, आणि कोणीतरी भिरकावलेला दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मराठी माणसाला सुरत म्हटले की आधी शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात आणि मग काँग्रेसमधली ही फूट. त्याच वर्षी याच शहरात बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी ‘वनिता विश्राम’ ही संस्था काढली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. विधवांना आसरा आणि शिक्षण देण्यासाठी निघालेली ही संस्था आज अठवा लाइन्सवर दिमाखात उभी आहे. योगायोग असा, की त्याच १९०७ सालच्या मार्च महिन्यात पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यालय सुरू केले होते.

मुलींच्या शाळांचा इतिहास आपण धैर्याचा इतिहास म्हणून सांगतो. शेणाचे गोळे, बहिष्कार, गावकीचे टोमणे हे सगळे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण शाळा पहिल्या दिवसाच्या धैर्यावर चालत नाही. ती दर महिन्याच्या पगारावर, घरभाड्यावर आणि वाण्याच्या बिलावर चालते. हा पैसा कोणी दिला, आणि ज्याने दिला त्याला शाळेच्या कारभारात किती मत मिळाले, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत मागे गेले की एकेका संस्थेचा स्वभाव उलगडत जातो.

सुरतेपुरती सुरुवात एका मराठी माणसापासूनच करता येते. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली त्यांनी दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ‘मानव धर्म सभा’ स्थापन केली. जातिभेद आणि मंत्रतंत्र यांच्यावर तिथे उघड चर्चा चाले. दुर्गाराम विधवांच्या पुनर्विवाहाची बाजू मांडत. सभा फार वर्षे टिकली नाही. दादोबा मुंबईला गेले, पुढे परमहंस सभा निघाली. सभेमागे वर्गणीदारांची बांधलेली यादी नव्हती, माणसे पांगली आणि काम थांबले. याउलट मुंबईत १८४९ पासून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या मराठी आणि गुजराती शाळा काढल्या. सुरुवातीला ते स्वतःच बिनपगारी शिकवत. दादाभाई नौरोजी त्यांच्यातच होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे धनिक पाठीशी आल्यावर त्या शाळांना पाय फुटले.

पैसा आणि मत यांचा सर्वांत मोठा झगडा पंडिता रमाबाईंच्या वाट्याला आला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८७ साली, अमेरिकेत बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले होते आणि त्याने दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले होते. म्हणजे पैसा बोस्टनचा, विद्यार्थिनी इथल्या उच्चवर्णीय विधवा, आणि देखरेखीला इथले सल्लागार मंडळ. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसे होती. शाळेत धर्म शिकवायचा नाही, या शर्तीवर सगळ्यांचे जमले होते. १८९३ साली मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत असा बोभाटा झाला, रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या.

या प्रकरणात बाजू घेणे सोपे असते. मला त्यातली रचनाच चुकीची वाटते. सल्लागारांना सल्ला देण्याचा अधिकार होता, पण खर्चाची जबाबदारी नव्हती. देणगीदार समुद्रापलीकडे होते, त्यांना वार्षिक अहवाल वाचायला मिळत, शाळेचे दार दिसत नसे. आणि जिच्या अंगावर सगळे काम होते त्या बाईला दोघांनाही जाब द्यावा लागे. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तीची वसाहत उभारली, जमिनीतून पीक आणि हातमागातून कापड काढायला सुरुवात केली, त्यामागे हा अनुभव असणार असे मला वाटते.

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली तिच्याशी कर्व्यांनी विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. म्हणजे शारदा सदनाची वादळे कर्व्यांच्या घरातच बोलली जात असणार. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली तेव्हा कर्व्यांनी आपल्या शिलकीतले एक हजार रुपये तिच्यात घातले. अध्यक्षपद भांडारकरांकडे गेले. देणगीदार आपल्या गावातला, आपल्या भाषेतला हवा आणि तो संख्येने मोठा हवा, हे कर्व्यांचे सूत्र त्यांच्या पुढच्या प्रत्येक कामात दिसते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस सुट्टी लागली की गावोगाव हिंडायचा. रुपया, आठ आणे, चार आणे, मिळेल ते घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायचा. दरवर्षी अहवाल निघायचा.

१९०० साली प्लेगमुळे आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी चिखलातून चालत हिंगण्याला जायचे, येताजाता सामानसुमान वाहायचे. या चालण्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण घराचा जमाखर्च कसा चालला होता, हे आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ मध्ये सांगितले आहे आणि ते वाचल्याशिवाय हिंगण्याचा हिशेब पुरा होत नाही. नवऱ्याची मिळकत आश्रमाकडे वळत होती, म्हणून त्या नागपूरला जाऊन सुइणीचे काम शिकल्या आणि घर सावरले. त्यांचे कष्ट कुठल्याही वार्षिक अहवालाच्या जमेच्या बाजूला लिहिलेले नाहीत. कुठल्याही संस्थेच्या स्मरणिकेत संस्थापकाच्या पत्नीचा एकच फोटो दिसला, की मला हे आठवते.

वर्गणीदारांची ताकद होती तशी त्यांची किंमतही होती. पुनर्विवाह करणाऱ्याच्या हाती आपल्या विधवा मुली द्यायला लोक बिचकत, म्हणून आश्रमाचे काम वाढू लागल्यावर कर्वे विधवाविवाहाच्या चळवळीतून बाजूला झाले. आश्रमात सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. पैसा देणारा वर्ग तोच होता आणि दार किती उघडायचे याचा अंदाज त्याच्याकडे पाहूनच घेतला गेला, असे मी म्हणेन. सर्व जातींच्या मुलींना शिकवून फुल्यांच्या शाळांनी पन्नास वर्षे आधी जे दाखवले होते त्याच्या मागे हे पाऊल होते. कर्व्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला तो थेट १९४४ साली, वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटल्यावर.

एक गोष्ट मात्र हिंगण्याने फार लवकर केली. जिथे स्त्रिया शिकल्या, तिथेच त्या कार्यकर्त्या झाल्या. आनंदीबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. आश्रमात त्या शिकल्या, व्यवस्था पाहू लागल्या, आणि वर्गणीसाठी गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. १९१८ साली तर इंग्रजी बेताचेच येत असताना त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांनी परतल्या. १९०८ साली निघालेल्या निष्काम कर्ममठाची कल्पना हीच होती, की संस्थेचा कारभार तिच्यासाठी आयुष्य वाहणाऱ्यांच्या हाती असावा. आश्रमातल्या बायकांनी भाऊबीजेच्या निमित्ताने घरोघर जाऊन ओवाळणी मागण्याची प्रथा पाडली. भाऊबीज निधी आजही गोळा होतो. ओवाळणी छोटी असते, पण ती देणारा दरवर्षी संस्थेची आठवण ठेवतो, आणि घेणारी त्याला यंदा काय केले ते सांगते.

स्त्रियांच्या हाती कारभार असण्याच्या बाबतीत सुरतेचे वनिता विश्राम एक पाऊल पुढे होते. तिथे संस्थापकच विधवा होत्या. त्यांना कोणी उद्धरले नाही, त्यांनी आपल्यासारख्यांसाठी घर बांधले. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदनाची धुरा घेतली तेव्हा मराठी मुलखातही तसे आणखी एक उदाहरण उभे राहिले. स्त्री-संस्थेच्या शिखरावर स्त्री, ही बाब आज सहज वाटते. त्या काळच्या मंडळ्यांच्या यादीत रावबहादूर आणि रावसाहेबांच्या रांगा पाहिल्या की तिचे मोल कळते.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या कॉलेजात विद्यार्थिनी पाच. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. सरकारी मान्यता नव्हती, कारण शिक्षण मातृभाषेतून द्यायचे होते. गृहीतागमा आणि प्रदेयागमा या त्यांच्या पदव्यांना बाजारात भाव नव्हता. पण याच अटीमुळे गुजरातीतून शिकणाऱ्या मुलींनाही उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. आणि कारभाराची घडी अशी, की ठरलेली वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांनी सिनेटवर प्रतिनिधी निवडून द्यायचे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात लोकांना मत, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये. चार-आठ आण्यांच्या वर्गण्या मोजणाऱ्या संस्थेच्या वहीत हा आकडा एकदम केवढा वाटला असेल! विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. १९३६ साली मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईला गेले. एवढी देणगी मिळाली तरीही कर्वे वर्गणीसाठी फिरायचे थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जगप्रवास केला आणि त्यानंतर आफ्रिकेत गेले. तिथे स्थायिक झालेल्या गुजराती व्यापाऱ्यांनी त्यांना हात दिला. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे ते सरकारी शिक्क्याशिवाय, लोकांच्या पैशावर चालले.

स्वातंत्र्यानंतर वहीचे स्वरूप बदलले. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आली, दरवर्षी हिशेबतपासणी आली, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज आला. १९६० साली राज्ये वेगळी झाली, पण हा कायदा दोन्हीकडे चालू राहिला. त्यामुळे सुरतेतला विश्वस्त आणि साताऱ्यातला विश्वस्त आजही जवळपास सारखेच तक्ते भरतात. अनुदान आले तसे शिक्षकांचे पगार सरकारने उचलले, आणि गावोगावच्या वर्गणीदारांच्या याद्या जुन्या कपाटांत गेल्या. महाराष्ट्राने ऐंशीच्या दशकात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले. फार मोठा निर्णय तो, आणि लाखो मुलींना त्याने शाळेत ठेवले. पण फक्त मुलींच्या शाळेच्या ताळेबंदाकडे पाहा. तिचे शुल्काचे उत्पन्न गेले. पगार सरकार देते, पण वीज, छप्पर, कुंपणाची भिंत, स्वच्छतागृहे, रात्रीचा पहारा हे सगळे वेतनेतर अनुदानातून भागवायचे, आणि ते वेळेवर आणि पुरेसे येत नाही ही मुख्याध्यापकांची नेहमीची तक्रार आहे. मुलामुलींच्या शाळेपेक्षा मुलींच्या शाळेला यातल्या काही बाबींवर जास्तच खर्च करावा लागतो.

विनाअनुदानित शाळांचा प्रश्न वेगळा. गुजरातने २०१७ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या फीवर मर्यादा घातली. तेव्हा ती प्राथमिकला वर्षाला १५,०००, माध्यमिकला २५,००० आणि उच्च माध्यमिकला २७,००० रुपये होती. त्याहून जास्त हवे असेल तर शाळेने आपले हिशेब फी नियमन समितीपुढे ठेवायचे. राज्यात अशा चार विभागीय समित्या झाल्या, त्यांतली एक सुरतेत. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. महाराष्ट्राच्या २०११च्या कायद्यात फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे. मला ही दुसरी वाट अधिक पटते. समितीपुढे गेलेले हिशेब फाइलमध्ये राहतात, पालकांपुढे आलेले हिशेब चर्चेत येतात. अर्थात पालक सभेला गेले तर. अलीकडे गुजरात सरकारने ‘नमो लक्ष्मी’ योजनेतून नववी ते बारावीच्या मुलींसाठी चार वर्षांत पन्नास हजार रुपये ठेवले. ते मुलीच्या घरी पोचतात, शाळेच्या खात्यात नाही. तसेच असायला हवे. पण शाळेचा दैनंदिन खर्च त्यामुळे सुटत नाही.

वनिता विश्राम आज एका शाळेपुरते उरलेले नाही. २०२१ साली तिथे गुजरातचे पहिले महिला विद्यापीठ आले. संस्थेच्या मैदानावर प्रदर्शने आणि मेळे भरतात, सुरतकर तिथे खरेदीला जातात आणि मैदानाला नाव कशाने मिळाले याचा विचारही करत नाहीत. सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी घरांतल्या कितीतरी मुली महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात आणि पुढे कुठल्या ना कुठल्या ट्रस्टच्या हायस्कुलात जातात. त्यांच्या आईबापांपैकी किती जणांनी त्या ट्रस्टचा वार्षिक अहवाल पाहिला असेल?

म्हणून एक विनंती. तुमची मुलगी ज्या शाळेत जाते, तिची संस्था दरवर्षी हिशेब दाखल करते. तो मागा आणि वाचा. विश्वस्त मंडळात स्त्रिया किती, माजी विद्यार्थिनी किती, ते विचारा. सर्वसाधारण सभासद होण्याची सोय असेल तर वर्गणी भरा आणि वार्षिक सभेला जा. सोय नसेल तर ती का नाही, हे लेखी विचारा.