हेमिसच्या शीत वाळवंटात तंबू ठोकण्यापूर्वी

लेह शहराच्या दक्षिणेस सिंधू नदी ओलांडली की झंस्कर पर्वतरांगेच्या उघड्याबोडक्या उतारांवर हेमिस राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुरू होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचा पुढे विस्तार करण्यात आला. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळ असलेले हे उद्यान देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान मानले जाते. हिमालयाची मुख्य रांग मोसमी ढगांना अडवत असल्याने लेह परिसरात वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्यमान होते. म्हणूनच या प्रदेशास शीत वाळवंट म्हटले जाते.

हिमबिबट्या हे या उद्यानाचे मुख्य आकर्षण आहे. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. उद्यानातील मार्खा खोरे पदभ्रमण आणि तंबूतील मुक्कामासाठी देशविदेशांतील पर्यटकांना परिचित आहे. मात्र येथील सहलीचे नियोजन सह्याद्रीतील किंवा कुमाऊँमधील सहलीप्रमाणे करता येत नाही. येथे कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, हा नियोजनाचा पहिला प्रश्न असतो. अंतर, खर्च आणि साहित्य यांचा विचार त्यानंतर येतो.

उंचीशी जुळवून घेणे

लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास दोन तृतीयांश असतो. मुंबईहून सकाळी निघालेला प्रवासी विमानाने त्याच दिवशी लेहला पोहोचतो, परंतु त्याच्या शरीराला या बदलाशी जुळवून घेण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे विमानाने येणाऱ्यांनी पहिले किमान ४८ तास लेहमध्येच विश्रांती घ्यावी. तिसरा दिवसही राखून ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते. या काळात चढ चढणे, मद्यपान आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर ही उंचीवरील आजाराची प्रारंभिक लक्षणे होत. ती आढळल्यास अधिक उंचीवर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सतत खोकला येणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे फुप्फुसात अथवा मेंदूत सूज येत असल्याची सूचक असतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास त्वरित खाली नेणे हाच मुख्य उपाय होय. अॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हृदयरोग किंवा दमा असलेल्यांनी सहल ठरविण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

मुक्कामांचा क्रम

तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. स्कियू (सुमारे ३,४०० मीटर), मार्खा (३,८००), हांकर (४,०००), थाचुंगत्से (४,२००) आणि निमालिंग (४,७००) हा मुक्कामांचा क्रम या संकेतात बसतो. निमालिंगहून सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू खिंड ओलांडून त्याच दिवशी शांग सुमदोच्या बाजूस उतरता येते. थाचुंगत्से येथे डोके दुखत असल्यास तेथेच आणखी एक रात्र काढावी. त्यासाठी कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवणे आवश्यक आहे. परतीच्या विमानाचे तिकीट दुसऱ्याच दिवसाचे असेल, तर आजारी व्यक्तीलाही पुढे ढकलत नेण्याचा मोह होतो, आणि अनेकदा धोका तेथूनच सुरू होतो.

निमालिंगसंदर्भात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. नकाशावर तेथून बाहेर पडण्याची जवळची वाट कोंगमारू खिंडीतून जाते. परंतु खिंडीकडे जाणारा मार्ग आणखी ५०० मीटर चढतो. उंचीचा त्रास होत असलेल्या व्यक्तीसाठी तो मार्ग निषिद्ध समजावा. तिला आल्या वाटेने हांकरकडे, म्हणजे खाली न्यावे लागते. हा निर्णय कोण घेणार, सोबत कोण परतणार आणि घोडा कोणता वापरणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. अलीकडच्या वर्षांत खोऱ्यात मोटाररस्ते आत सरकत आहेत. रस्त्याच्या सद्यःस्थितीची चौकशी लेहमध्ये अवश्य करावी.

तंबूची जागा

कोरड्या प्रदेशात पुराचे भय कसले, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. येथील उतारांवर पाणी धरून ठेवणारी झाडी नाही. त्यामुळे थोड्या वेळच्या जोरदार पावसानेही कोरड्या ओढ्यांतून चिखल आणि दगडगोट्यांचे लोंढे वाहू लागतात. ओढ्याचे पात्र सपाट, वाळूचे आणि वाऱ्यापासून सुरक्षित दिसत असले, तरी त्यात तंबू ठोकू नये. दोन्ही बाजूंच्या दरडींपासून दूर, पात्रापेक्षा उंच जागा निवडावी.

नद्या आणि ओढे पार करण्याची वेळही महत्त्वाची आहे. दिवसा उन्हाने बर्फ वितळते आणि दुपारनंतर प्रवाह फुगतात. पहाटे गुडघ्याएवढे असलेले पाणी सायंकाळी कमरेपर्यंत येऊ शकते. म्हणून प्रवाह सकाळीच पार करावेत.

पाणी आणि इंधन

कोरड्या हवेमुळे घाम आल्याचे जाणवत नाही, परंतु शरीरातील पाणी वेगाने कमी होते. दिवसाला तीन ते चार लिटर पाणी प्यावे. निमालिंगच्या कुरणात उन्हाळ्यात गावकऱ्यांची जनावरे चरत असल्याने तेथील प्रवाहाचे पाणी तसेच पिऊ नये. त्या उंचीवर पाणी सुमारे ८५ अंश सेल्सिअसलाच उकळते. तेव्हा ते किमान तीन मिनिटे उकळत ठेवावे. याच कारणाने उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, छोटा प्रेशर कुकर सोबत असावा. विमानात गॅसची टाकी नेता येत नसल्याने इंधन लेहमध्ये खरेदी करावे.

शेकोटी पेटवू नये. येथील खुरटी झुडपे वर्षानुवर्षे वाढतात, आणि झुडपे व वाळलेले शेण हाच गावकऱ्यांच्या हिवाळ्याचा आधार असतो. कचरा लेहपर्यंत परत आणावा.

साहित्य आणि संपर्क

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ अनुकूल समजला जातो. भर उन्हाळ्यातही निमालिंगला रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास येते. त्यामुळे उबदार स्लीपिंग बॅग, वारा अडविणारे जाकीट, काळा चष्मा आणि टोपी अनिवार्य होत. लडाखबाहेरील प्रीपेड मोबाइल जोडणी तेथे चालत नाही, आणि उद्यानाच्या बहुतांश भागात मुळात संपर्कच नसतो. आपला कार्यक्रम लेहमधील एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे लिहून ठेवावा आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा.

काही रात्री तंबूऐवजी गावातील घरांत काढण्याचाही विचार करावा. पाळीव जनावरे हिमबिबट्याच्या तोंडी पडल्याने होणारे नुकसान भरून निघावे, या हेतूने २००० च्या दशकाच्या प्रारंभी रुंबक परिसरात घरगुती निवासाची योजना सुरू झाली. पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नामुळे ज्याला शत्रू मानले जाई, तो प्राणी गावाला जिवंत हवासा वाटू लागला.

लेहमध्ये विश्रांतीसाठी घालविलेले दोन-तीन दिवस सहलीतून वाया गेले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते सहलीचे पहिले मुक्काम असतात. पुढील प्रत्येक रात्रीची सुरक्षितता त्यांवरच अवलंबून असते.