जुनी गाडी ऑइल खाते? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा

मालवण परिसरात बऱ्याच घरांच्या अंगणात एखादी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी अजून उभी असते. घरातली कमावती माणसं मुंबईत नाहीतर आखातात. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने बंद राहते आणि ईदला, लग्नसराईत किंवा पेशंटला गोव्यात बांबोळीला न्यायचं झालं की एकदम लांबच्या रस्त्यावर निघते. अशा वेळी मागून निळा धूर दिसतो. गॅरेजवाला म्हणतो, "इंजिनचं काम करावं लागेल." आमचं म्हणणं एवढंच की लगेच हो म्हणू नका. आधी मोजा, मग ठरवा.

आधी ऑइल जळतंय की गळतंय ते बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर गळती आहे. पुठ्ठा कोरडा आणि तरी ऑइल कमी होत असेल, तर बहुधा ते इंजिनात जळतंय. धुराचा रंगही बघा. निळसर धूर ऑइलचा, काळा धूर जास्त इंधनाचा. पावसाळ्यात सकाळी थोडी पांढरी वाफ निघते, ती नेहमीचीच. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर रेडिएटरचं पाणी आत जातंय असं समजा.

धूर केव्हा येतो, यावरून दोष कुठे आहे ते कळतं. सकाळी स्टार्ट करताना एक भपकारा येऊन थांबला, किंवा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर आला, तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. रबराची ही सील वयाने आणि उष्णतेने कडक होतात. घाट चढताना, इंजिनवर जोर पडल्यावर सतत धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या असाव्यात. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोचं सीलही तपासून घ्या.

आता मोजणी. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, आणि डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघायची. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. दर पाचशे किलोमीटरला पुन्हा बघा. दोन-तीन हजार किलोमीटरला एक लिटर लागत असेल, तर जुन्या गाडीला ते चालून जातं. वेळच्या वेळी टॉप-अप करा. हजार किलोमीटरच्या आतच लिटर संपत असेल, तर दुरुस्ती टाळू नका. छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून ऑइल तीन लिटरच्या आसपासच असतं, हे ध्यानात ठेवा.

गॅरेजमध्ये स्वस्त कामापासून सुरुवात करायला सांगा. पहिल्यांदा पीसीव्ही वॉल्व्ह. तो तुंबला तरी इंजिन ऑइल ओढतं. मग कॉम्प्रेशन टेस्ट. पेट्रोल गाडीत दाब कमी आला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर बहुतेक वॉल्व्हचा. नुसती वॉल्व्ह सील बदलायची असतील, तर पूर्ण इंजिन उतरवावं लागत नाही.

ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच वापरा. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, त्याने फेस होतो आणि ऑइल उलट जास्त जळतं. लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. दिवा लागलाच तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत जाऊया" म्हणण्यात इंजिन जाम होतं. आणि आत पेशंट असेल तर रात्रीच्या वेळी हायवेवर अडकायची पाळी येते.

म्हणून निघण्याआधी दोन मिनिटं डिपस्टिक बघा आणि डिकीत एक लिटरचा डबा ठेवा. गाडी विकायची झाली, तर जाड ऑइल घालून धूर लपवू नका. घेणाऱ्याच्याही घरात पेशंट असू शकतो.