राउटर टीव्हीमागे नको

फायबरची तार बहुधा दाराजवळच्या भोकातून आत येते आणि बसवणारा राउटर तिथेच टीव्हीमागे टेकवून मोकळा होतो. वाय-फायचं निम्मं दुखणं इथलंच. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी हवा. विटांची भिंत लहरींना थोडंफार अडवते; सळयांचं काँक्रीट, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे खरे वैरी.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर यांची गर्दीही तिथेच. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल म्हणून वापरतात ती तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या वाय-फाय अ‍ॅनलायझर अ‍ॅपमध्ये इमारतीतली गर्दी दिसते; त्यातल्या त्यात मोकळं निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो.

तरीही आतल्या खोलीत सिग्नल पोचत नसेल, तर तो पुढे पोचवणारा रिपीटर स्वस्त पडतो. मात्र लोक तो सिग्नल न येणाऱ्या खोलीतच लावतात! त्याची जागा अर्ध्या वाटेवर. एकाच पट्ट्यावर घेणं-देणं करणारा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा कॅट-६ केबल ओढून आतल्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणं केव्हाही सरस; ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाला विचारा.