परसातील तळे आणि त्याची गाळणी

परसात लहानसे तळे बांधून त्यात कुमुदाचे कंद लावावेत व पाच-सहा मासे सोडावेत, ही हौस अलीकडे अनेक घरांतून दिसते. आणि दोन महिन्यांच्या आतच पाणी हिरवे पडून, गाळणी वरचेवर धुण्याच्या जाचाने त्रासून, तळे बुजविणारेही कमी नाहीत. या निराशेच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते: तळ्याची गाळणी चहाच्या गाळणीप्रमाणे केवळ कचरा अडविते, सबब ती जितकी बारीक व जितकी स्वच्छ, तितकी उत्तम.

वस्तुस्थिती अशी की, तळ्यातील खरे विष डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही जाळीत अडकत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया अहोरात्र पाण्यात सोडीत असतात. न खाल्लेले खाद्य आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये, तेही विषारीच, आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे कार्य नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा आदी जिवाणू करतात, व गाळणीतील स्पंज, विटांचे तुकडे किंवा नायलॉनच्या घासण्या ही सारी सामग्री त्यांच्या वसतीसाठीच असते. चालू गाळणीतला स्पंज हाती घेतला, तर बोटांना जो तपकिरी, बुळबुळीत थर लागतो आणि ज्याला ओल्या मातीचा वास येतो, त्यातच हे जिवाणू नांदत असतात. तोच थर मळ समजून नळाखाली चोळून काढणे म्हणजे तळ्याचा प्राण काढून घेणे होय, कारण नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक ठरते. पाण्याचा प्रवाह मंदावला तरच, तळ्यातल्याच पाण्याची बादली भरून, निम्मीच सामग्री त्यात हलकेच खळबळावी; उरलेली निम्मी काही आठवड्यांनी.

देखभाल सोपी व्हावी, याची तजवीज बांधणीच्या वेळीच करावी लागते. सुमारे 2000 लिटरच्या, बेताच्या माशांच्या तळ्याला 200 लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो. तो काठावर थोडा उंच ठेवून पंपाचे पाणी त्याच्या तळाशी सोडावे; तळापासून वीतभर जागा मोकळी राखून तिच्यावर जाळी व जाळीवर सामग्री रचावी, म्हणजे गाळ खाली बसतो आणि पाणी वर चढत तोटीवाटे तळ्यात परतते. बुडाशी बसविलेली निचऱ्याची तोटी पंधरवड्यातून एकदा उघडली की गाळ वाहून जातो, आणि ते पाणी फुलझाडांना उत्तम खत ठरते.

पंप जितका जोरदार तितका चांगला, हाही भ्रमच. तळ्यातील सगळे पाणी दोन तासांत एकदा फिरावे, एवढा हिशेब पुरे. मात्र खोक्यावरील आकडा शून्य उंचीचा असल्यामुळे, ड्रमाच्या उंचीवर पंप ताशी 1000 लिटर देतो की नाही, हे पाहून घ्यावे. विजेच्या बचतीसाठी रात्री पंप बंद ठेवण्याचा रिवाज तर सर्वांत घातक. प्रवाह थांबला की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, आणि नेमके रात्रीच शेवाळही प्राणवायू ओढून घेते. त्यातून 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तो 30 अंशांवर साडेसातच उरतो. आपल्याकडील उन्हाळ्यात ही तूट माशांच्या जिवावर बेतते.

पाणी नितळ म्हणजे निरोगी, असेही मानण्याचे कारण नाही. काचेसारख्या पाण्यातही अमोनिया असू शकतो, आणि हिरवटपणा माशांना स्वतः विषारी नसतो. नायट्रेट शोषून घेण्यासाठी तोटीखाली कर्दळ किंवा वाळा लावावा. जलपर्णीही ते काम झपाट्याने करते, पण तिचा एकही तुकडा ओढ्यात जाऊ देऊ नये. जलपर्णीने भरून जाणाऱ्या पवना-मुठा नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना याचे कारण सांगावयास नको.

राहता राहिली घाई. जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिला दीड महिना दोन-तीनच मासे ठेवावेत, त्यांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे, आणि बाकीचे मासे त्यानंतरच आणावेत.